प्रिंटर बिचारा ठीकच होता

आमच्याकडे प्रिंटर एकच. जुना लेझर, वायफाय नसलेला, मागच्या खोलीतल्या उबंटूवाल्या (विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या) डेस्कटॉपला यूएसबीनं जोडलेला. बायको दहावीच्या शिकवण्या घेते, तिचा विंडोज लॅपटॉप हॉलमध्ये. प्रश्नपत्रिका काढायची तर पेनड्राइव्ह घेऊन मागे यायचं. त्यात तिच्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, उबंटूवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणजे प्रिंट तिच्याच लॅपटॉपवरून सुटायला हवी होती.

उबंटूत प्रिंटिंगचं काम कप्स नावाचा प्रोग्राम बघतो. डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हाच संगणक) आणि ६३१ पोर्ट (कप्सचा दरवाजा क्रमांक) टाकून त्याच्या पानावर शेअरिंगवर टिक केली. लॅपटॉपला मात्र प्रिंटर दिसेचना. दोन रविवार मी ड्रायव्हर काढत-घालत बसलो.

शेवटी दोन्हीकडचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधले घरक्रमांक, वहीत लिहिले. लॅपटॉप १९२.१६८.१.७, डेस्कटॉप १९२.१६८.०.१०१. तिसरा आकडाच वेगळा, म्हणजे दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर! फायबरवाल्यांचा डबा हॉलमध्ये आणि मागे रेंज यावी म्हणून मी लावलेला जुना राउटर. दोघंही आपापले पत्ते वाटत होते. एका घरात दोन चुली. डेस्कटॉपवरून हॉलमधला डबा पिंग व्हायचा (हाक मारली की उत्तर द्यायचा), लॅपटॉपवरून डेस्कटॉप नाही. इंटरनेट दोन्हीकडे छान चालायचं, म्हणून संशयच आला नाही.

उपाय म्हणजे जुन्या राउटरला नुसता स्विच, म्हणजे पत्ते न वाटता फक्त जोडणी पुढे नेणारा डबा, करून टाकायचा. मी घाईत आधी हॉलकडून येणारी केबलच वॅन पोर्टातून (बाहेरच्या नेटसाठीच्या) काढून लॅनमध्ये (घरातल्या उपकरणांसाठीच्या) खोचली. मागच्या खोलीतून लगेच लेकीची हाक, "बाबा, नेट गेलं!" तिची मीटिंग चालू होती. जाणारच; राउटर अजून पत्ते वाटत होता, पण त्याला स्वतःलाच बाहेर जायला वाट उरली नव्हती. केबल परत लावली, मीटिंग संपेपर्यंत गप्प बसलो. मग क्रमानं: राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, त्या नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी, म्हणजे त्याचं पत्ते वाटणं, बंद केलं, आणि मगच केबल हलवली. डेस्कटॉपचा पत्ता फायबरच्या डब्यात १९२.१६८.१.५० असा राखून ठेवला, नाहीतर रोज बदलायचा धोका.

विंडोजमध्ये प्रिंटर हातानं जोडावा लागला: डेस्कटॉपचा पत्ता, ६३१, पुढे स्लॅश प्रिंटर्स स्लॅश आणि कप्समधलं प्रिंटरचं नाव. ड्रायव्हर कंपनीचा न घेता साधा पोस्टस्क्रिप्टचा (छपाईच्या एका सामायिक भाषेचा) निवडला. पुढे प्रिंटरच्या भाषेत भाषांतर कप्स करतो. लेकीच्या आयफोनला तर काहीच करावं लागलं नाही, प्रिंट दाबल्यावर नाव यादीत हजर.

पहिली प्रिंट भूमितीच्या चाचणीची निघाली, जोडाक्षरांसकट. फक्त डेस्कटॉप चालू असावा लागतो. त्यामुळे आता पेनड्राइव्हऐवजी हॉलमधून आवाज येतो, "अहो, तो मागचा चालू करा."