आमची वाटचाल : महापूर, मोटारी आणि उधारीची वही

पंचगंगेच्या काठी मोटार रिवाइंडिंगचा (विजेच्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळण्याचा) धंदा करायचा तर पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघूनच शटर उघडावं लागतं. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आमच्या वर्कशॉपचे नियम २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरांनी घडवले, आणि त्यातले बरेचसे यंत्रांपेक्षा माणसांबद्दलचे आहेत.

पाणी ओसरलं की काठावरच्या शेतीपंपांच्या मोटारींचा ढीग दारात पडतो. भिजलेली मोटार म्हणजे जळालेली मोटार नव्हे. ती खोलायची, गाळ स्वच्छ पाण्याने, कमी दाबाने धुवायचा, बेअरिंग काढून टाकायचे आणि स्टेटर (तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, असलेला मोटारीचा स्थिर भाग) ओव्हनमध्ये ८०-९० अंशांवर ठेवायचा. तापमान सावकाश चढवायचं. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन इन्शुलेशन फुगतं. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्शुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजायचा. एक मेगोहमच्या खाली आलं तर पुन्हा ओव्हन, नाहीतर वार्निश मारून नवे बेअरिंग. नुसती उन्हात वाळवून चालू केलेली मोटार बहुतेक वेळा जातेच, कारण स्लॉटमधली (तार बसते त्या खाचांमधली) ओल वरून कळत नाही.

दानत कळते ती इथे. मेगर चांगला आकडा दाखवत असताना ‘वाइंडिंग गेलंय’ म्हणणं सोपं असतं. त्या गर्दीत तपासतंय कोण? आम्ही शेतकऱ्याला आकडा दाखवतो आणि धुणं, वाळवणं, बेअरिंग एवढ्याचेच पैसे घेतो. काम लांबणार असेल तर ३, ५ किंवा साडेसात एचपीची बदली मोटार बिनभाड्याने देतो. वहीत नाव, गाव, मोटारीचा नंबर आणि परतीची तारीख. तारीख लिहिली नाही, तर मोटार परत यायला पाडवा उजाडतो.

पैसे ऊसबिलावर. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे खरा, पण गाळपच दिवाळीच्या आसपास सुरू होतं. ऑगस्टच्या कामाचे पैसे डिसेंबर-जानेवारीत. एवढी उधारी पेलायची तर तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्याकडे आपली पत लागते. पुरानंतर तारेवर उड्या पडतात तेव्हा तो आधी कुणाला देतो? ज्याचं बिल एरवी वेळेवर येतं आणि भाव पडल्यावर ज्याने ऑर्डर फिरवलेली नसते, त्याला. म्हणून बरकतीच्या महिन्यांत आम्ही त्याचे पैसे अडवत नाही. उलट बाजूने, मागच्या कामाचे निम्मे आल्याशिवाय त्याच गिऱ्हाइकाचं पुढचं काम उधारीवर घेत नाही. सरसकट माफी देणारा स्वतःच पुढच्या पुरात बुडतो.

वाइंडरचं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या कारागिराचं, घरही पाण्यात असतं. पगार ठरल्या तारखेलाच, आणि उचल दिली तर ती दहा पगारांत वळती. चांगला वाइंडर एकदा दुसरीकडे गेला की नवा हाताशी यायला वर्ष-दीड वर्ष जातं.

ओव्हनचा करार शेजारच्या वर्कशॉपशी, म्हणजे स्पर्धकाशीच. ज्याचा ओव्हन कोरडा, तिथे दोघांचे स्टेटर. वीज युनिटप्रमाणे वाटून. हे पावसाळ्याआधी बोलून घ्यावं लागतं. गुडघाभर पाण्यात बोलणी होत नाहीत.

विम्याचं मात्र नात्यावर सोडू नये. पॉलिसीत पुराचं कलम हवं, आणि गिऱ्हाइकाचा आपल्या ताब्यातला माल वेगळा नोंदवलेला हवा. नाहीतर भरपाई आपल्या मशीनपुरती मिळते, आणि दुरुस्तीला आलेल्या मोटारी खिशातून भरून द्याव्या लागतात. भिंतीवरची पाण्याची खूण आणि प्रत्येक मोटारीची नेमप्लेट यांचे फोटो गाळ काढण्याआधी घ्यायचे.