पान ५३

मागच्या मंगळवारपासून एक केस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी म्हापशात घरी बसून एका ऑनलाइन लिलावाच्या साईटसाठी लिस्टिंग तपासते, माझ्या वाट्याला फॅन्टसीची जुनी पुस्तकं येतात. लोकांना वाटतं ही दिवसभर पुस्तकं वाचत बसते. पुस्तक हातात कधी येतच नाही, येतात ते फोटो, आणि त्यात गोष्ट सोडून बाकी सगळं वाचायचं असतं. कॉपीराइटचं पान, जॅकेटच्या, म्हणजे वरच्या सुट्या कागदी कव्हरच्या, घडीवरची किंमत, ती कापली असेल तर काय लपवायला कापली, लायब्ररीचा शिक्का खरवडलाय का. 'रेअर' हा शब्द तर जो तो टाकतो, तो मी वाचतच नाही.

एक उदाहरण देते. १९३७ चं 'द हॉबिट', पहिल्या छपाईच्या १५०० प्रती. जॅकेटच्या मागच्या घडीवर डॉजसन (लुईस कॅरलचं खरं नाव) याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ई जास्त छापला गेला होता, तो नंतर शाईने हाताने खोडला. आता नकली जॅकेट छापणारे ते खोडणंसुद्धा छापतात, पण छापलेली रेघ सपाट असते, खऱ्या शाईची रेघ कुठे जाड कुठे बारीक, कागदात थोडी पसरलेली. म्हणून मी तिरक्या उजेडातला फोटो मागते. अशी एखादी रेघ पकडली की मला अजूनही दिवसभर बरं वाटतं.

तर मंगळवारी सकाळी एक लिस्टिंग वरून संशयाची लाल खूण होऊन आली. 'हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन', पेपरबॅक, पहिली छपाई असा दावा. हे पुस्तक २६ जून १९९७ ला आलं, कडक बांधणीच्या फक्त ५०० प्रती, त्यातल्या ३०० लायब्ररीत गेल्या, पेपरबॅकच्या ५१५०. कडक बांधणीचं सगळ्यांना माहीत असतं, पण ही पेपरबॅकही चांगल्या अवस्थेत असेल तर लाखांत जाते. खुणा ठरलेल्या आहेत: कॉपीराइटच्या पानावरची, छपाई कितवी ते सांगणारी आकड्यांची ओळ १० पासून उतरत १ पर्यंत पूर्ण हवी, कॉपीराइट जोअन रोलिंग या पूर्ण नावाने हवा, मागच्या कव्हरवर पुस्तकाच्याच नावातला एक ओ गळालेला, आणि पान ५३ वर शाळेच्या सामानाच्या यादीत '1 wand', म्हणजे '१ जादूची छडी', दोनदा, एकदा सुरवातीला आणि एकदा शेवटी. एका खुणेवर विसंबायचं नाही, सगळ्या एकाच प्रतीत जुळायला हव्यात, कारण लोक दुसऱ्याच्या लिलावातले फोटो उचलून जोडतात.

आमच्या परदेशातल्या सीनियरने शेरा मारला होता, कागद मुद्दाम जुना केलाय, चहाचं पाणी वापरलेलं दिसतं, नाकारा. मी फोटो मोठा करून बघितला आणि मला हसू नाही, राग आला. चहात बुडवलेला कागद बांधणीपर्यंत सारखा रंगतो. इथे कडा तपकिरी होत्या, आत पान फिकट, वर विखुरलेले बारीक डाग, आणि कव्हरच्या कोपऱ्यावर कसरीने वरवर कुरतडून केलेले नकाशे. हे आमच्या पावसाने केलंय. गोव्यात जून ते सप्टेंबर बंद कपाटात ठेवलेल्या पुस्तकाचं काय होतं ते मला कोणी शिकवायची गरज नाही, माझ्या बाबांची अर्धी पुस्तकं अशीच गेली. पण कोरड्या देशात बसून पुस्तकं पारखणाऱ्यांना ओल म्हणजे काय ते कळतच नाही, आणि आमच्या साईटवर त्यांचा शब्द शेवटचा.

मी लिहिलं, नाकारू नका, मी सिद्ध करते. विक्रेते हरमलचे, मराठीत बोलणारे म्हणून कॉलही माझ्याकडेच आला. म्हातारे काका, खोल्या भाड्याने देतात. कोणी इंग्रज पाहुणा जाताना पुस्तकांची रास सोडून गेला होता ती माळ्यावर पडून होती, चवथीसाठी घर झाडताना खाली काढली, नातवाने नेटवर बघून लिस्टिंग टाकलं. मी म्हटलं, काका, एक व्हिडिओ पाठवा, मध्ये न थांबवता, कव्हर, मग कॉपीराइटचं पान, मग पान ५३. ते म्हणाले, "बाये, मधली पानं थोडी धरलेली आसत, माळ्यार पाणी गळायचं." मी ऐकलं. मी 'बरं' म्हणाले आणि पाठवाच असं सांगितलं.

व्हिडिओ दोन-अडीच मिनिटांचा आहे. कव्हर बरोबर. आकडे पूर्ण, १ पर्यंत. नाव बरोबर. मग चाळीसच्या पुढची पानं एका गठ्ठ्यात, बाहेरच्या कोपऱ्याला घट्ट चिकटलेली. काका फुंकर मारतात, नख घालतात, मागून नातू म्हणतो आजो हळू, आणि मग आवाज येतो. तो आवाज मी हेडफोनमध्ये ऐकला. पान ५३ यादीतून तिरकं फाटलं. वरची छडी पुस्तकात राहिली, खालची छडी तुकड्याबरोबर त्यांच्या अंगठ्यावर आली.

म्हणजे सिद्ध झालं. सीनियरचं उत्तर आलं, खरी आहे, मंजूर, अवस्था मात्र खराब लिहा. एवढंच.

माझं काय चाललंय ते सांगते. ओल मला कळली म्हणून मी भांडले, आणि ओल मला कळत होती तर पानं धरलीत म्हटल्याबरोबर थांबा म्हणायला हवं होतं. जुना कागद दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, ते हळूहळू सोडवतात, महिना लागू दे. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी मला तो शेरा खोटा ठरवायचा होता, बस.

मी लगेच फोन केला. काका रागावले नाहीत. "फाटलं ते फाटलं, पण आमचं खोटं नव्हतं न्हय?" असं विचारलं. मी म्हटलं नाही काका, शंभर टक्के खरं होतं. मग म्हणाले सेलोटेप लावून पाठवू का, मी जवळजवळ ओरडलेच, सेलोटेप नको, फेविकॉल नको, काहीच लावू नका, त्याचा गोंद कागदात उतरतो. तो तुकडा त्यांनी कालनिर्णयच्या पानात सपाट ठेवलाय. वर्णन मी स्वतः लिहिलं, फाटलेलं पान, तुकडा सोबत, चिकटलेली पानं उघडू नयेत. काल रात्री बघितलं तर तीन बोली आल्या होत्या, सगळ्या कमी. लिलाव संपायला अजून दोन दिवस आहेत.