उंबरातला कोनाडा

आजीच्या वाड्यातल्या भिंती हातभर जाड होत्या आणि त्यांत जागोजागी कोनाडे होते. स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा कोनाडा मला विशेष आठवतो, कारण तो एकट्या कुणाचा कधीच नव्हता. सकाळी त्यात आजोबांचं दाढीचं सामान. ते उचललं की तिथे आजीचा पानाचा डबा येई. दिवेलागणीला डबा आत जायचा आणि कंदील बसायचा. त्यामुळे वरची कमान काजळीने काळी आणि कडा चुन्याची बोटं पुसून पांढरी. एकदा काकाने त्याचा नवा ट्रान्झिस्टर तिथे कायमचा ठेवायचं मनावर घेतलं, तेव्हा घर दोन दिवस धुमसत होतं.

हे आठवायला निमित्त झालं आमच्या सोसायटीतल्या उंबराचं. पार्किंगच्या कडेला तो कुणी न लावता उगवलाय. वर्षातून दोन-तीनदा खोडालाच लगडतो, मग पिकलेली उंबरं टपाटप गाड्यांवर पडतात आणि काचांवर नुसता राडा. परवाच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "त्या झाडाचा कुणाला काही उपयोग आहे का?" लगेच दुसरे म्हणाले, "दत्ताचं झाड आहे हो, तोडायचं नाव काढू नका." विषय तहकूब झाला, चहा आला.

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. त्याची एक फांदी माझ्या गॅलरीला टेकली आहे. उपयोग कुणाला, याचा हिशोब मी तिथे बसल्या बसल्या करायला घेतला आणि तो अजून संपलेला नाही.

एखाद्या जीवाच्या निसर्गातल्या नेमक्या जागेला शास्त्रज्ञ 'निश' म्हणतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडाच. १९१७ साली जोसेफ ग्रिनेलने कॅलिफोर्नियातल्या थ्रॅशर नावाच्या पक्ष्याबद्दल लिहिताना तो वापरला. दाट झुडपांच्या आडोशाने, जमिनीलगत वावरणारा हा पक्षी. त्याची चण आणि सवयी त्या जाळीला अशा काही बसल्यात की कोनाड्यात पणती बसावी. दहा वर्षांनी चार्ल्स एल्टनने म्हटलं, नुसतं राहतो कुठे ते पुरेसं नाही, तो कुणाला खातो आणि त्याला कोण खातं तेही बघा. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग सोयरीक जुळवताना आम्ही दुसरं काय बघतो?

उंबराचा खरा कारभार आत चालतो. लहानपणी उंबर फोडलं की आतून केंबरं भुर्रकन उडायची. आम्ही फुंकर मारून उरलेलं खायचो आणि आजी ओरडायची, "उंबर फोडून केंबरं काढू नयेत गं!" तिला त्यातून दुसऱ्यांची उणीदुणी उकरू नयेत असं सुचवायचं असे. आम्हाला ते फक्त उंबराबद्दल वाटायचं.

उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण ती शेकड्यांनी फुलं फळाच्या पोटातच असतात, तोंडं आत करून. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीकसं दार असतं, तेही खवल्यांनी गच्च लावलेलं. त्यातून आत शिरू शकते ती एकच जात, तिळाहूनही लहान अशी एक गांधीलमाशी. हीच केंबर. आत घुसताना तिचे पंख बहुधा तुटतात. म्हणजे परतीचा विषयच नाही. ती बरोबर आणलेले परागकण फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. ढोबळमानाने आखूड दांड्याची फुलं तिच्या पिल्लांच्या वाट्याला येतात आणि लांब दांड्याची बियांच्या. पुढे नर आधी बाहेर येतात, बिनपंखी. माद्या अजून जिथे वाढल्या त्या फुलाच्या गाठीत असतानाच त्यांच्याशी मीलन करतात, सालीला भोक पाडून माद्यांना वाट करून देतात आणि संपतात. त्या भोकातून माद्या पराग घेऊन दुसरं झाड शोधायला निघतात, हाताशी जेमतेम एखाद-दुसरा दिवस घेऊन. आमच्या फुंकरीने उडायच्या त्या या.

इथवरची गोष्ट शाळेतही सांगतात. मला भुरळ पडली ती इतर भाडेकरूंची. उंबरावर आणखी अर्धा डझन जातींच्या गांधीलमाश्या येतात. या दारातून जात नाहीत. बाहेर बसून, सालीतून सुईसारखी लांब नळी आत खुपसून अंडी घालतात. आणि सगळ्या एकाच वेळी येत नाहीत! काही केंबर आत शिरण्याआधी, फळ कोवळं असताना, काही त्यानंतर, आणि आतल्या पिल्लांवर आपली पिल्लं पोसणाऱ्या अगदी शेवटी, फळ टणक झाल्यावर. जिची पाळी उशिराची, तिची सुई लांब. त्यातल्या एकीच्या सुईच्या टोकाला दात असतात आणि त्या दातांत जस्त असतं, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. केसासारखी ती सुई, तिला जस्ताची धार! आमच्या ड्रिलवाल्याचं बिट काँक्रीटच्या भिंतीत दर वेळी तुटतं, त्याला हे सांगायचं आहे.

मॉस्कोत गाउझ नावाच्या माणसाने १९३४ साली छापलेला प्रयोग आहे. एका नळीत पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती, दोघींना एकच खाणं. एक टिकली, दुसरी संपली. मग त्याने दुसरी जोडी घेतली. त्यातली एक तळाशी चरू लागली, दुसरी वर, आणि दोघी नांदल्या. एका चुलीवर दोन जावांचं कधी जमतं नि कधी का जमत नाही, हे वाड्यातल्या बायकांना त्याआधीही ठाऊक असणार. फक्त त्यांनी छापलं नाही.

बाहेरच्या पाळ्या तर मला खुर्चीतूनच दिसतात. सकाळी तांबट येतो, टुक टुक करत. उंबराचा लचका चोचीत धरून मान वर करतो तेव्हा त्याचा गळा केवढा फुगतो! मागोमाग बुलबुल, ते आधीच फुटलेल्याला टोचे मारतात. हरियाल एकदाच आले होते, सातजण. हा आपला राज्यपक्षी, पण हिरव्या पानांत इतका मुरलेला की फांदी हलली म्हणून कळलं. खोडावर मुंग्यांची रांग कायम. त्या फळांसाठी नाही, अंडी घालायला बसलेल्या माश्यांसाठी थांबलेल्या असतात. अंधार पडला की वटवाघळं. ती इथे खातच नाहीत, उंबर तोंडात धरून समोरच्या इमारतीच्या छज्जाखाली नेतात आणि चोथा तिथल्या काकांच्या गाडीवर थुंकतात. मीटिंगमध्ये उपयोग विचारणारे काका ते हेच.

काल संध्याकाळी त्यांनी गाडीवर कव्हर घातलेलं दिसलं. सकाळी बघते तर कव्हराच्या घडीत साचलेल्या गरावर चिलटं, आणि टायरमागे आमच्या बिल्डिंगची मांजर पाठ फुगवून बसलेली. तिची नजर बुलबुलांवर.

मी कठड्यावर पडलेलं एक उंबर उचललं आणि आजीची माफी मागून फोडलं. पाच-सहा केंबरं भुर्रकन गेली. एक मागे राहिली. माझ्या अंगठ्याच्या नखावर बसून तिने मिशा पुसल्या, पंख झटकले, एकदा गोल फिरली. हे झाड आता सगळंच पिकलंय, इथे तिला शिरायला कोवळं उंबर नाही. माझ्या माहितीतलं दुसरं झाड कालव्यापलीकडे आहे, अर्धा किलोमीटर तरी. वारा तिकडूनच येत होता. ती उडाली.