गवत्या बेशरम खात नाही: अर्जुनी मोरगावच्या तलावावरून

‘गवत्या सोडा, वर्षभरात तलाव साफ’ (गवत्या म्हणजे पाण्यातलं तण खाणारा ग्रास कार्प मासा) असं सांगून ज्यांनी आम्हाला अर्जुनी मोरगाव तालुक्यात तलावाचं तण काढायला धाडलं, त्यांनी तलावाची ही पाळ, म्हणजे बांध, पायी पाहिलेली नसणार. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी स्टेशनला उतरेपर्यंत सगळं सुखाचं. पुढे ऑटोवाल्याने जाळ्या आणि कुदळींचं वेगळं भाडं लावलं. सामानासकट आकडा ठरवूनच बसा.

पूर्व विदर्भात असे सुमारे ७ हजार मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. आम्हाला मोबाईलवर दाखवलं होतं ते नुसतं पाण्याखालचं गवत. प्रत्यक्षात सलंगाकडे (जादा पाणी बाहेर पडतं तिथे) जलपर्णी, मध्यभागी हायड्रिला, म्हणजे ते पाण्याखालचं गवत, आणि पाळीलगत बेशरम या झुडपाचं रान. तिन्हींचा इलाज वेगळा.

तुडुमापासून (शेतीला पाणी सोडायच्या दारापासून) सलंगापर्यंतच्या बेशरमाच्या पट्ट्याने जीव काढला. खोडं एकमेकांत अडकलेली, खाली पोटरीभर गाळ, पाऊल कुठे टेकेल त्याचा भरवसा नाही. अख्खी सकाळ तिथेच गेली. गुलाबी-जांभळी फुलं पाहून हुरळू नका. बेशरम कोयत्याने छाटणं म्हणजे रोपवाटिका लावणं; ओल्या मातीत पडलेला तुकडाही फुटतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मुळासकट उपटा आणि उंच, कोरड्या जागी नेऊन वाळवा. चारा म्हणून तर अजिबात नाही, बकऱ्यांना विषबाधा होते.

आम्ही जेसीबी लावला. चालकाने गावाहून येण्याजाण्याचा वेळही तासांत धरला, वर उपटलेला सगळा ढीग पाण्याच्या कडेलाच लोटला. पाऊस पडला की तो तिथेच रुजणार. माझं मत: जेसीबी नको. स्थानिक ढिवर (मासेमार) संस्थेची माणसं कुदळीने करतात ते हळू होतं, पण मूळ निघतं.

हायड्रिला ओळखायची तर दांडीभोवती ३ ते ८ पानांचं चक्र बघा. पानाची कडा बोटाला खरखरीत लागते. ओढून तोडाल तर तुकडे वाहत जाऊन नवीन ठिकाणी रुजतात, कंद गाळातच राहतात. इथे मात्र गवत्या खरंच कामाचा. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडाल तर मरळीचं, म्हणजे शिकारी माशाचं, जेवण होईल, म्हणून किमान शंभरेक ग्रॅमचा मासा घ्या आणि सलंगाला जाळी बांधा. तलावात शिंगाडा लावलेला असेल तर संस्थेला विचारल्याशिवाय सोडू नका. मासा तण आणि पीक यांत भेद करत नाही.

जलपर्णीला गवत्या फारसं तोंड लावत नाही. ती हातानेच काढा, फुलं येण्याआधी. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. काठावर सुकवून मगच वाहा, नाहीतर ट्रॉलीभर पाण्याचं भाडं भराल. कृषी केंद्रात तणनाशक पुढे करतील, घेऊ नका. सगळी जलपर्णी एकदम मेली की कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे पालथे. पहाटे मासे वर तोंड काढून हवा घेताना दिसले तर आधी ताजं पाणी सोडा, मग बाकीचं.

नवेगाव बांधचा मुक्काम छान झाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एप्रिल-मे सोडून इतर वेळी जाऊ नका. गमबूट घरीच ठेवा, गाळ ते पायातून ओढून घेतो. जुने कॅनव्हासचे बूट, घोट्याला सुतळी.