तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅब्र की अ‍ॅक्रोनिम?

मार्कअप, म्हणजे मजकुराचा कोणता भाग काय आहे हे टॅग नावाच्या खुणांनी सांगणं, शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये येतो: जुन्या वेब पानांत लघुरूपांसाठी अ‍ॅब्र आणि अ‍ॅक्रोनिम असे दोन टॅग दिसतात, त्यातला वापरायचा कोणता?

अ‍ॅब्र. २०१४ साली एचटीएमएल ५ (वेब पानांची मार्कअप भाषा) प्रमाणित झालं तेव्हा अ‍ॅक्रोनिम बाद झाला, आणि ते योग्यच झालं.

हे दोन्ही टॅग १९९७च्या एचटीएमएल ४ने आणले. ते मानक उघडून बघा. व्याख्येत अ‍ॅब्रचं उदाहरण एचटीटीपी, अ‍ॅक्रोनिमचं रडार. म्हणजे अक्षरं सुटी म्हटली तर अ‍ॅब्र, सलग शब्द झाला तर अ‍ॅक्रोनिम, असं वाटतं. थोडं खाली आलात की नाटोच्या शेजारी एफबीआयसुद्धा अ‍ॅक्रोनिममध्ये! त्याची अक्षरं तर सुटीच उच्चारतात. नियम लिहिणाऱ्यांनाच तो सांभाळता आला नाही, कारण भेद उच्चारावर उभा आणि उच्चार माणसागणिक वेगळा. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेला कुणी ‘सीक्वेल’ म्हणतं. मग बोलणाऱ्याप्रमाणे टॅग बदलायचा का? त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या ब्राउझरला अ‍ॅब्र कळतच नसे, म्हणून अनेकांनी सरसकट अ‍ॅक्रोनिमच लावला.

मला जास्त काळजी वाटते ती पूर्ण रूप वाचणाऱ्यापर्यंत पोहोचतं का, याची. जीएमएल घ्या. आयबीएममध्ये १९६९ साली गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी मार्कअपचं काम सुरू केलं. ‘जनरलाइज्ड मार्कअप लँग्वेज’ हे नाव गोल्डफार्ब यांनी तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जुळतील असं मुद्दाम ठेवलं. पुढे त्यातूनच एसजीएमएल आणि मग एचटीएमएल आलं. पण नकाशांच्या कामात जीएमएल म्हणजे जिऑग्राफी मार्कअप लँग्वेज. मला एकदा ‘डेटा जीएमएलमध्ये आहे’ एवढाच निरोप आला. मी दिवसभर जुन्या दस्तऐवजांचे टॅग वाचायची तयारी केली. फाइल उघडली, तर ओळीमागून ओळ अक्षांश-रेखांश.

म्हणून अ‍ॅब्र लावा, पण अर्थ फक्त टायटलमध्ये (टॅगला जोडायच्या टिपेत) कोंडू नका. माउस वर नेला तरच तो दिसतो. फोनवर बोटाने वाचणाऱ्याला सहसा मिळत नाही, आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) तो वाचेलच असंही नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव मजकुरातच लिहा, लघुरूप कंसात. पुढे नुसतं जीएमएल खुशाल वापरा.