पुलाच्या अलीकडे हेल्मेट चढवा

अमेरिकेत आय-९३ या महामार्गावरून उत्तरेला निघालं की मॅसॅच्युसेट्स संपल्या संपल्या सेलमचा थांबा लागतो. उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे एकच दृश्य: बाइक थांबतात, हेल्मेटं उतरतात, मागच्या बॅगेला लटकतात. इथून न्यू हॅम्पशायर राज्य सुरू. मोठ्या माणसांना हेल्मेटची सक्ती नाही आणि नंबरप्लेटवरच लिहिलंय, 'लिव्ह फ्री ऑर डाय'. त्यातला दुसरा पर्याय कुणी फारसा मनावर घेत नाही. गंमत म्हणजे बाइकला विंडशील्ड नसेल तर चष्मा किंवा गॉगल इथेही लागतोच. डोळे सरकारचे, डोकं तुमचं!

राज्यागणिक नियम बदलण्याच्या या घोळाच्या मुळाशी पैसा आहे. १९६६ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना दम दिला: हेल्मेटचा कायदा करा, नाहीतर रस्त्यांचा निधी कापू. १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी मुकाट कायदे केले. १९७६ मध्ये तो दम मागे घेतला गेला आणि बऱ्याच राज्यांनी भराभर कायदे गुंडाळले.

मागच्या जूनमध्ये मलाही मोह झाला. कॅन्कमॅगस हायवे, ३४ मैल, दुतर्फा जंगल. काढलं हेल्मेट. पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग कानात वाऱ्याचा असा गोंगाट सुरू झाला की स्वतःच्या इंजिनाचा आवाज ऐकू येईना. एका वळणावर कपाळावर भुंगा आदळला. भुंगाच तो, पण गोटा बसल्यासारखा बसला. मागे बायको हेल्मेट घालून निवांत. तिने माझ्या पाठीवर दोनदा टकटक केलं, बोलली काही नाही. मी बाइक कडेला घेतली.

तसंही वुड्सव्हिलचा पूल ओलांडला की शेजारचं व्हरमाँट राज्य, आणि तिथे हेल्मेट सगळ्यांनाच. शिवाय हेल्मेटचा काही भाग उजेडात चमकणारा हवा, हेही कायद्यातच आहे. माझं काळंकुट्ट. मी ते घेताना मागचा डॉटचा, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मानकाचा, स्टिकर बघितला होता, पण निव्वळ त्यावर विसंबू नये. तसले स्टिकर सुटेही मिळतात. आतला थर्मोकोल इंचभर जाड आहे का बघायचं, हातात वजन घ्यायचं. सेलमच्या थांब्यावर शेजारच्या बाइकवाल्याने दाखवलेलं टोपीसारखं हेल्मेट अर्धा किलोही भरलं नसतं.

पुलाआधीच्या पेट्रोल पंपावर बायकोने चमकणारी पट्टी चिकटवून दिली. तिरकी लागलीय. काढायला गेलो तर रंगही निघतोय, म्हणून तशीच ठेवलीय.