नामदेवांच्या पायरीपर्यंत

मी नांदेडचा शीख आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात वाढलो, मराठी शाळेत शिकलो, केस आणि पगडी आजही राखून आहे; परंतु अकाल पुरखावरचा, म्हणजे ईश्वरावरचा, माझा विश्वास कॉलेजच्या वयातच गेला आणि पुन्हा आला नाही. अशा माणसाने आळंदीहून पंढरपूरला पायी कशासाठी जावे, हे घरच्यांनीही विचारले आणि दिंडीतल्यांनीही. मी नामदेवांसाठी गेलो. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत, आणि लंगरमध्ये पोळ्या लाटताना, पहाटेच्या कीर्तनात किंवा घरातल्या वडीलधाऱ्या दारजींच्या गुणगुणण्यात ती इतकी ऐकली आहेत, की तो आवाज माझ्या घरातलाच आहे. पंजाबातल्या घुमाणपर्यंत पोहोचलेल्या त्या माणसाचे पंढरपूर मला वारकऱ्यांबरोबर चालत जाऊन पाहायचे होते.

दिवे घाट चढताना पगडीमुळे मी लांबूनही ओळखू येत होतो. अनोळखी लोक ‘सरदारजी, पाणी घ्या’ म्हणून थांबवत. दिंडीतल्या वयस्कर वीणेकरी बुवांनी सासवडच्या मुक्कामी सरळ विचारले, ‘देव मानता का?’ मी ‘नाही’ म्हणालो. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘बरं. उद्या टाळ धरा, आपला एक टाळकरी आजारी आहे.’ जेजुरीच्या वाटेवर मी टाळ धरला, ताल सांभाळला आणि माहीत होते तेवढे अभंग म्हटले.

या आपलेपणावरून श्रद्धा ही दुय्यम गोष्ट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. बुवांसाठी विठ्ठल आहे. तो नसता तर ते दर आषाढीला घर सोडून निघाले नसते. आमच्याकडेही तसेच आहे. माझ्यासारखे काही मित्र सांगतात की शिखी म्हणजे समता, कष्ट आणि सेवा, बाकीचे सोडून द्या. मला हे पटत नाही. ग्रंथाच्या आरंभीच्या मूलमंत्राची सुरुवातच त्या एका ईश्वरापासून होते, शीख रहत मर्यादा या आमच्या आचारसंहितेतल्या शिखाच्या व्याख्येत पहिली अट एका अकाल पुरखावरील श्रद्धेची आहे, आणि गुरबाणीतून, म्हणजे ग्रंथातल्या वाणीतून, ईश्वर काढून टाकला तर बहुतेक शबदांत (पदांत) हाक राहील, पण ती कोणाला मारली आहे ते राहणार नाही. ज्या ग्रंथापुढे मी मस्तक टेकवतो, त्याला माझ्या सोयीचा अर्थ चिकटवणे हा त्या ग्रंथाचा अनादर आहे.

तरीही मी शीख आहे, आणि हे केवळ जन्मापुरते नाही. १९८४ साली दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसाचारात जमावाने पगड्या पाहिल्या. त्यांखाली कोणाची श्रद्धा किती होती, हे कोणी विचारले नाही. ज्यांच्यावर हल्ले झाले त्या लोकांशी माझे नाते आहे आणि ते मला लपवायचे नाही. भगतसिंगांनी १९३० साली लाहोरच्या तुरुंगात आपल्या नास्तिकतेविषयी लिहिले, ते मी अनेकदा वाचले आहे. त्यांच्या स्पष्टपणाबद्दल मला आदर आहे. पण मला संगतीतून, म्हणजे गुरुद्वाऱ्यात जमणाऱ्या शिखांच्या समुदायातून, उठून जायचे नाही. पंगतीत राजा आणि मजूर एकाच जमिनीवर बसतात, ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी वाढप्याचे काम करताना शिकलो. माझी नीती तिथे घडली आहे, आणि ज्यांनी ती घडवली ते सगळे श्रद्धावान होते.

नातेपुते मागे टाकल्यावर, पावसाने उघडीप दिलेल्या एका दुपारी, बुवांनी मला नामदेवांचे ‘आमच्याकडचे’ पद म्हणायला लावले. मी गुजरी रागातले म्हटले: ‘एकै पाथर कीजै भाउ, दूजै पाथर धरीऐ पाउ.’ एका दगडावर भाव ठेवायचा आणि दुसऱ्यावर पाय द्यायचा. तो देव असेल तर हाही देवच, असे नामदेव पुढे म्हणतात आणि आपण हरीची सेवा करतो असे सांगून थांबतात. बुवांनी ते दोनदा म्हणवून घेतले. त्यांना त्यात सर्वत्र भरलेला विठ्ठल दिसला; मला दगडादगडांत भेद करणाऱ्या माणसाला विचारलेला प्रश्न ऐकू आला. आम्ही बराच वेळ यावर बोललो. एकमत झाले नाही, आणि नामदेवांचा शेवटचा चरण बुवांच्या बाजूने आहे हे मी मान्य केले.

पंढरपुरात मी गाभाऱ्याच्या रांगेत उभा राहिलो नाही, कारण तिथे तासन्‌तास उभ्या असलेल्या माणसांची ओढ माझ्यात नव्हती. मी महाद्वारी नामदेव पायरीपाशी गेलो. संतांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी येथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. घुमाणलाही त्यांची समाधी मानतात. दगडावर पाय ठेवण्याविषयी लिहिणाऱ्या माणसाने स्वतःसाठी पायरीची जागा मागितली, हा विचार मनात येताच मी पगडीसह डोके टेकवले. ते मी देवापुढे केले नाही, एका माणसापुढे केले, आणि तसे बुवांना सांगितलेही.

मी अमृत, म्हणजे खालसा दीक्षा, घेतलेले नाही आणि घेणारही नाही, कारण दीक्षा देणाऱ्या पंज प्याऱ्यांसमोर (पाच शिखांसमोर) अकाल पुरखाचे नाव घेऊन दिलेले वचन माझ्या तोंडी खोटे ठरेल. अरदास या सामूहिक प्रार्थनेच्या वेळी मात्र मी संगतीत उभा राहतो. सरबत दा भला, सगळ्यांचे भले व्हावे, या शेवटच्या मागणीला माझा आवाज मनापासून असतो. त्याआधीच्या ओळींना मी हात जोडून गप्प असतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या दारजींना ते ठाऊक आहे.